बीप येतो, बोर्ड मात्र ढिम्म: बारकोड स्कॅनर आर्डुइनोला जोडताना

प्रश्न नेहमी एकाच चालीत येतो. "स्कॅनर लॅपटॉपला लावला की मस्त चालतो. आर्डुइनोला लावला की बीप येतो, पण सिरियल मॉनिटरवर शुकशुकाट. कोड खाली दिलाय, चूक सांगा." (आर्डुइनो म्हणजे हौशी प्रोजेक्टांसाठीचा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, आणि सिरियल मॉनिटर म्हणजे त्याने पाठवलेलं दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी.) कोड मी आता लगेच उघडतही नाही. बहुतेक वेळा गोष्ट कोडपर्यंत पोचलेलीच नसते.

मीही यातून गेलोय. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची पेटी बनवायला घेतली होती: एक उनो (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड), दोन ओळींचा एलसीडी, एसडी कार्ड आणि स्कॅनर. पुस्तक दाखवलं की कार्डावरच्या यादीतून नाव शोधायचं आणि कोणत्या सभासदाकडे गेलं ते लिहून ठेवायचं, एवढंच तिचं काम. शनिवार-रविवारात होईल असं सांगून बसलो, लागले दोन महिने. त्या पेटीत झालेली जवळजवळ प्रत्येक गडबड नंतर मला दुसऱ्यांच्या प्रोजेक्टात भेटली. म्हणून लक्षणांप्रमाणे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं "हे वाच" म्हणता येईल.

बीप कशाचा असतो

बीप म्हणजे स्कॅनरने रेघा वाचल्या आणि त्याला त्यांचा अर्थ लागला. पुढे केबलमधून काही गेलं का आणि गेलेलं कोणी घेतलं का, हा वेगळा विषय. काही स्कॅनर माहिती पोचली नाही तर निराळा आवाज काढतात, पण त्यावर विसंबू नका. मी केबल अर्धवट निघालेली असतानाही खुशाल बीप करणारे स्कॅनर पाहिलेत.

तेव्हा आधी एवढंच ठरवा: तुमचा स्कॅनर बोलतो कोणत्या भाषेत? ढोबळमानाने तीन जाती आहेत. यूएसबीचा, जो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. जुन्या बिलिंग काउंटरवरून आलेला नऊ पिनांच्या कनेक्टरचा, म्हणजे आरएस-२३२. आणि चौकोनी डबीसारखं उघडं मॉड्यूल, ज्यातून चार बारीक वायरी निघतात, म्हणजे टीटीएल सिरियल, बोर्डाच्या पिनांसारखंच कमी व्होल्टवर एकेक बिट पाठवणारं. पीएस-टूवालाही कधी भंगारात सापडतो, पण त्याच्या नादी लागू नका असं माझं मत.

यूएसबीवाल्याची परीक्षा सोपी आहे. ओटीजी अडॉप्टर लावून तो मोबाइलला जोडा, नोट्सचं अॅप उघडा आणि बिस्किटाचा पुडा दाखवा. आकडे टाइप झाले तर तो कीबोर्ड आहे. स्कॅनर ठणठणीत आहे, आणि उनोला थेट जोडून तो कधीच चालणार नाही.

यूएसबी स्कॅनर आणि उनो: दोन पाहुणे, यजमान कोणीच नाही

यूएसबीमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक यजमान, म्हणजे होस्ट, आणि दुसरा पाहुणा, म्हणजे डिव्हाइस. "काही आहे का?" असं सतत विचारणं यजमानाचं काम, पाहुणा विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. कीबोर्ड, माउस आणि स्कॅनर हे सगळे पाहुणे. लॅपटॉप यजमान.

आता उनोवरचा (नेहमीच्या आर३ आवृत्तीवरचा) यूएसबी पोर्ट बघा. तो मुख्य चिपला जोडलेलाच नाही. मध्ये एक यूएसबी-सिरियल रूपांतर करणारी चिप बसलेली असते, मूळ बोर्डावर एटीमेगा १६यू२ आणि स्वस्त नकलांवर सीएच३४०. तीही पाहुणीच. म्हणजे तुम्ही कसलं तरी अडॉप्टर शोधून स्कॅनर उनोच्या पोर्टात खुपसलात, तरी दोन पाहुणे एकमेकांकडे बघत बसणार. चहा विचारणारं घरात कोणी नाही. नॅनो या आर्डुइनोच्याच छोट्या बोर्डाचं तेच. लिओनार्डोचं ऐकून फसू नका: तो कीबोर्ड असल्याचं सोंग आणू शकतो, कीबोर्ड वाचू शकत नाही. साध्या ईएसपी३२च्या, म्हणजे वायफायवाल्या बोर्डाच्या, चिपला तर यूएसबीच नाही, बोर्डावरचा पोर्ट तिथेही सिरियल रूपांतराचाच असतो.

दुसरा आवडता उद्योग म्हणजे स्कॅनरची केबल कापून हिरवी आणि पांढरी वायर आरएक्स आणि टीएक्सला, म्हणजे बोर्डाच्या ऐकायच्या आणि बोलायच्या पिनांना, लावणे. यूएसबीची डेटा जोडी ही सिरियल लाइन नाही. केबल तेवढी जाते.

यूएसबी स्कॅनर घरात पडलेलाच असेल तर उनोवर मॅक्स३४२१ई चिपवालं यूएसबी होस्ट शील्ड, म्हणजे वर बसणारा जोडबोर्ड, लावा. किंवा मुळातच यजमान होऊ शकणारा बोर्ड घ्या: आर्डुइनो ड्यू, टीन्सी ४.१, रास्पबेरी पाय पिको, ईएसपी३२-एस३. या बोर्डांवर स्कॅनरच्या पोर्टाला ५ व्होल्ट बाहेर येतात का, ते मल्टिमीटरने आधी बघा. पुष्कळ बोर्डांवर येत नाहीत. मग स्कॅनरचा दिवाच लागत नाही आणि माणूस लायब्ररी बदलत बसतो.

शील्ड लावल्यावर पहिलाच संदेश 'ओएससी डिड नॉट स्टार्ट' असा आला, तर चिपला वीज मिळत नाहीये किंवा तिचं एसपीआयवर (चिपांच्या आपसातल्या जोडणीवर) बोलणं होत नाहीये. मी याच्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. स्वस्त शील्डवर ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि व्हीआयएन असे सोल्डरचे तीन छोटे जोड असतात आणि कारखान्यातून ते उघडेच येतात. भिंग लावून बघितलं तर दोन चकचकीत पॅड शेजारी शेजारी, मध्ये केसाएवढी फट. प्रत्येकावर सोल्डरचा एक एक थेंब टाकला आणि शील्ड जागं झालं. शील्ड एसपीआयच्या पिनांशिवाय १० आणि ९ याही घेतं. माझ्या एसडी कार्डाची सिलेक्ट पिन १० होती, ती ४ वर हलवावी लागली.

छोटं, प्रो मिनीच्या आकाराचं होस्ट शील्ड घेतलं असेल तर वेगळा काटा आहे. ते ३.३ व्होल्टवर चालतं आणि स्कॅनरलाही तेवढेच देतं. स्कॅनरला हवेत ५. बोर्डावरचा व्हीबसचा, म्हणजे यूएसबीच्या विजेचा, ट्रॅक ब्लेडने कापून तिथे स्वतंत्र ५ व्होल्ट द्यावे लागतात. हात थरथरत असतील तर मोठं शील्ड बरं.

इतकं करून अक्षरं दिसायला लागली की अनेकांची गाडी एंटरवर अडते. कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही, कळांचे क्रमांक पाठवतो: '१'ची कळ ३०, '०'ची ३९, एंटरची ४०. लायब्ररी त्यांची अक्षरं करून देते. होस्ट शील्डच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत एंटरसाठी १३ऐवजी हेक्समधले (सोळाच्या पायावरच्या मोजणीतले) १३, म्हणजे दशमानात १९, परत यायचे. त्यामुळे जुन्या नमुना कोडांत एंटर म्हणून १९ तपासलेला दिसतो. तोच कोड नव्या लायब्ररीवर चढवला की स्कॅन कधी संपतच नाही, आणि उलट केलं तरी तीच गत. दोन्ही तपासा, १३ आणि १९. दिसायला घाण आहे, पण चालतं.

नव्याने खरेदी करणाऱ्याला मात्र मी स्पष्ट सांगतो: यूएसबी स्कॅनर नको, टीटीएलचं मॉड्यूल घ्या. जीएम६५सारखी मॉड्यूल पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारली तर समजतात, ऑनलाइन तर मिळतातच. बारकोड आणि क्यूआर दोन्ही वाचतात, आणि शील्डचा खर्च वाचतो.

अक्षरं येतात, पण कचरा येतो

हे लक्षण मुख्यतः आरएस-२३२वाल्यांचं. नऊ पिनांचा कनेक्टर, त्यातली पिन २ किंवा ३ आणि जमिनीची (ग्राउंडची) पिन ५ काढून थेट उनोला लावलेली असते.

आरएस-२३२ मध्ये गप्प बसलेली लाइन उणे व्होल्टला असते, उणे ३ ते उणे १५ यांच्यामध्ये कुठेतरी. आपल्या मायक्रोकंट्रोलरची गप्प लाइन अधिक ५ किंवा अधिक ३.३ ला असते. म्हणजे सगळंच उलटं: त्याचा एक तो आपला शून्य. वर तो उणे व्होल्ट पिनेच्या आतल्या संरक्षक डायोडवर आपटतो. काही स्कॅनरांचा आउटपुट मवाळ असतो म्हणून पिन तग धरते, आणि "मी थेट जोडला, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात. उलट्या लॉजिकचा पर्याय टाकून आणि मध्ये एक रेझिस्टर लावून काम भागवणारेही आहेत. मी भागवत नाही. मॅक्स३२३२चं मॉड्यूल फार महाग नसतं, ते ३.३ आणि ५ दोन्हींवर चालतं. जुनं मॅक्स२३२ फक्त ५ व्होल्टवर, त्यामुळे ईएसपी३२ला ते लावू नका. मॉड्यूल लावूनही शांतता असेल तर आरएक्स आणि टीएक्सची अदलाबदल करून बघा, आणि जमीन जोडली आहे ना ते बघा. स्कॅनर स्वतःच्या अडॉप्टरवर चालत असेल तर ही जमिनीची वायर हमखास विसरली जाते.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गडबड. एका मित्राने फोटो पाठवला: "काही आकडे बरोबर येतात, काहींच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं." नक्की कोणते बरोबर येतात ते लिहून काढ म्हटलं. त्याची यादी आली: ०, ३, ५, ६, ९. बाकीचे पाच कचरा.

यादी बघताच उत्तर कळलं. त्याचा स्कॅनर सात बिट आणि सम पॅरिटीवर (एकचे बिट सम व्हावेत म्हणून लावलेला तपासणीचा जास्तीचा बिट) होता, बोर्ड आठ बिट विनापॅरिटीवर. '०' हेक्समध्ये ३०, त्याच्या सात बिटांत एकचे बिट दोन, म्हणजे सम, म्हणून पॅरिटीचा बिट शून्य आणि अक्षर जसंच्या तसं. '८' हेक्समध्ये ३८, त्यात एकचे बिट तीन. विषम, म्हणून पॅरिटीचा बिट एक, आणि तो आठव्या जागी बसला की ३८चा बी८ होतो. १, २, ४, ७, ८ या पाचही आकड्यांत एकचे बिट विषम आहेत. तेच पाच बिघडणार आणि उरलेले पाच शहाण्यासारखे येणार. उपाय दोन: हार्डवेअर सिरियल सुरू करताना सेव्हन-ई-वन सांगणे, किंवा आलेल्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट १२७ने मास्क करून उडवणे. सॉफ्टवेअर सिरियलवर, म्हणजे साध्या पिनांवर कोडने चालवलेल्या सिरियलवर, फक्त दुसरा उपाय चालतो, कारण त्याला पॅरिटी कळत नाही.

सगळेच आकडे कचरा असतील तर बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा ठरलेला वेग, चुकलाय. आधी ९६०० बघा, मग ११५२००. पण ११५२०० वर उनोच्या सॉफ्टवेअर सिरियलकडून काही अपेक्षा ठेवू नका. स्कॅनरच ९६०० वर आणा.

टीटीएल मॉड्यूल लावलं, तरी गप्प

जीएम६५ जातीच्या मॉड्यूलला दोन तोंडं असतात, एक यूएसबी आणि एक सिरियल, आणि बोलायचं कोणत्या तोंडाने ते सेटिंग ठरवतं. सोबतच्या पुस्तिकेत 'सिरियल आउटपुट'चा कोड असतो, तो त्याच मॉड्यूलला दाखवायचा. स्कॅनरची सेटिंग बदलायला स्कॅनरलाच कागद दाखवायचा, ही कल्पना पहिल्यांदा विचित्र वाटते. एका पानावर चार-सहा कोड असतात. नको ते हाताने झाका, नाहीतर शेजारचाच वाचला जातो आणि मॉड्यूल तिसऱ्याच अवस्थेत जातं.

मॉड्यूलची टीएक्स उनोच्या आरएक्सला. मॉड्यूल ३.३ व्होल्टचा सिग्नल देतं, तो उनोला समजतो. उलट दिशेने मात्र उनोचे ५ व्होल्ट त्याच्या आरएक्सवर थेट ओतू नका. एक किलोओहम आणि दोन किलोओहमचा विभाजक लावला की ३.३ होतात. मॉड्यूलचं फक्त ऐकायचं असेल, हुकूम द्यायचा नसेल, तर ती वायर लावूच नका. आणि पिन ० व १ वापरल्यात तर कोड चढवताना 'नॉट इन सिंक'ची ओरड होणार, कारण त्याच पिना यूएसबीकडेही जातात. ईएसपी३२वर सिरियल २ साठी पिना १६ आणि १७ वापरायची पद्धत आहे, पण रोव्हर मॉड्यूलवर त्या जास्तीच्या मेमरीने अडवलेल्या असतात. तिथे दुसऱ्या पिना द्या.

खटका न दाबता बोर्डाकडून स्कॅन सुरू करायचा असेल तर हा हुकूम पाठवायचा, सगळं हेक्समध्ये: ७ई ०० ०८ ०१ ०० ०२ ०१ एबी सीडी. शेवटचे दोन बाइट खरं तर तपासणीचे, पण एबी सीडी दिलं की मॉड्यूल तपासणी सोडून देतं. हे पाठवलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "प्रत्येक बारकोडच्या आधी ३१ का येतंय?" तो बारकोडचा भाग नाही. मॉड्यूल आधी पोच देतं, ०२ ०० ०० ०१ ०० ३३ ३१, आणि मग बारकोड. त्या पोचेतले पहिले पाच बाइट पडद्यावर दिसत नाहीत. शेवटचे दोन, म्हणजे तपासणीचे ३३ आणि ३१, अक्षरं म्हणून छापले की '३' आणि '१' होतात. हुकूम दिल्यावर पहिले सात बाइट वाचून फेकून द्या. मी 'ट्रिम' वगैरे करून ते ३१ पुसायचा प्रयत्न करणारे कोड बघितलेत. एके दिवशी ३१ने सुरू होणारा खराच बारकोड येतो आणि तोही कापला जातो.

दिसतो बरोबर, जुळत मात्र नाही

वाचनालयात पहिल्यांदा पेटी ठेवली तो दिवस. ग्रंथपाल काकूंनी एक पुस्तक दाखवलं. बीप झाला. एलसीडीवर तेरा आकडे उमटले, खाली 'पुस्तक सापडले नाही'.

"अहो, नंबर तर बरोबर आलाय की. मी मागच्या पानावरून ताडून बघितला."

"हो काकू, बघतो."

"आणि प्रत्येक वेळी एक सेकंद विचार का करतंय ते?"

हा दुसरा प्रश्न मी त्या दिवशी हसण्यावारी नेला, आणि तीन संध्याकाळी वाया घालवल्या. उत्तर त्यातच होतं. कोडमध्ये 'रीडस्ट्रिंगअनटिल' होतं, थांबायची खूण म्हणून नवी ओळ, म्हणजे हेक्स ०ए. स्कॅनर शेवटी पाठवत होता फक्त कॅरेज रिटर्न, ०डी. नवी ओळ कधीच येत नव्हती, म्हणून ते फंक्शन आपला ठरलेला वेळ संपेपर्यंत वाट बघायचं. तो वेळ, काही सांगितलं नसेल तर, १००० मिलिसेकंद असतो. काकूंचा एक सेकंद तो हा. आणि न ओळखलेलं ०डी स्ट्रिंगच्या शेपटीला तसंच चिकटून राहायचं. डोळ्यांना तेरा अक्षरं, तुलनेला चौदा.

म्हणून आता मी कोणालाही पहिलं काम हेच सांगतो: आलेला प्रत्येक बाइट हेक्समध्ये छापा, मध्ये एक जागा सोडून. बाकी सगळा कोड बाजूला ठेवा. माझ्या पडद्यावर ३९ ३७ ३८ ३८ ३१ अशी रांग आली आणि शेवटी ०डी. ते बघायला पाच मिनिटं लागली. स्कॅनरनुसार शेपटीला ०डी, ०डी आणि ०ए, टॅब म्हणजे ०९, किंवा काहीच नाही, यातलं काहीही निघू शकतं. काहीच नसेल तर पुस्तिकेतला शेपटी लावायचा कोड दाखवा. वेळेच्या अंदाजाने स्कॅन संपला असं धरू नका.

याच्या पोटात आणखी एक चूक दडलेली असते. बारकोडचे आकडे बघून माणूस त्याचा नंबर करायला जातो. उनोवरचा मोठ्यात मोठा अनसाइन्ड लाँग ४२९४९६७२९५, म्हणजे दहा आकडे. बारकोडचे तेरा. 'टूइंट' केलं की भलताच आकडा हाती येतो, आणि पुढे शून्य असेल तर तेही गळून पडतं. बारकोडला नंबर म्हणत असले तरी आपण त्याची बेरीज-वजाबाकी कधी करत नाही. अक्षरांची रांग म्हणूनच ठेवा.

गणित फक्त शेवटच्या आकड्याचं करा, आणि ते जरूर करा. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणून बेरीज करायची. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जितके कमी, तो तेरावा आकडा. ८९० हा भारतातल्या नोंदणीचा उपसर्ग. गंमत म्हणून ८९०१२३४५६७८९ घ्या. विषम जागांची बेरीज २८, सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०, म्हणजे तेरावा आकडा ०. ओळीने लिहिलेला ८९०१२३४५६७८९० हा बारकोड नियमात बसतो! चाचणीसाठी मी तोच छापून ठेवलाय.

पुस्तकांच्या बाबतीत स्कॅनरची जास्तीची हुशारीही नडते. पुस्तकाचा बारकोड सहसा ९७८ने सुरू होतो, भारतातल्या पुस्तकांवर पुढे बहुधा ८१ किंवा ९३. काही स्कॅनरांत ९७८वाल्या कोडचा जुन्या पद्धतीचा दहा आकडी आयएसबीएन करून द्यायची सेटिंग असते. त्यात ९७८ जातं, शेवटचा आकडा बदलतो, आणि कधी तो 'एक्स'ही असतो. वाचनालयाला कोणीतरी दुसरा स्कॅनर भेट दिला आणि अर्धी यादी 'सापडले नाही' म्हणायला लागली, ते यामुळे. परदेशी पुस्तकांवर मुख्य बारकोडशेजारी पाच आकड्यांचा छोटा बारकोडही असतो, किमतीचा. तो वाचायची सेटिंग चालू असेल तर तेराऐवजी अठरा आकडे येतात. आणि जुन्या मराठी पुस्तकांवर बारकोडच नसतो, त्यांना आम्ही स्वतः लेबलं छापून लावली.

लांब क्यूआर अर्धाच येतो

हे दुकानातल्या यूपीआयच्या क्यूआरवर प्रयोग करणाऱ्यांना हटकून भेटतं. बारकोड नीट येतो, क्यूआरचं शेपूट तुटतं. उनोवर सिरियलची साठवण ६४ बाइटांची. यूपीआयच्या क्यूआरमधला मजकूर सहज शंभराच्या वर जातो. ९६०० वर एक बाइट साधारण १.०४ मिलिसेकंदाला येतो, म्हणजे साठवण ६६-६७ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्यात तुमचा कोड 'डिले २००' म्हणून झोपला असेल तर पुढचे बाइट जमिनीवर. लूपमधले सगळे डिले काढा, आलेला बाइट लगेच स्वतःच्या २५६च्या अॅरेत टाका, आणि एलसीडीला शेपटी आल्यावरच हात लावा. सोबत निओपिक्सेलची (रंगीत दिव्यांची) पट्टी असेल तर तीही संशयित: तिला रंग पाठवताना इंटरप्ट, म्हणजे नवं काही आलं की चिपचं लक्ष वेधणारी सोय, बंद असतात, एका दिव्याला सुमारे ३० मायक्रोसेकंद. साठ दिव्यांची पट्टी म्हणजे १.८ मिलिसेकंद, तेवढ्यात सॉफ्टवेअर सिरियलचा एखादा बाइट तरी बिघडणारच.

बीप होताच बोर्ड रीसेट

वीज. दुसरं काही शोधू नका. स्कॅनरचा दिवा आणि बझर एकदम चालू झाले की प्रवाह झटक्याने वाढतो. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर स्कॅनर लावणारे आहेत. ती पिन ५० मिलिअँपिअरसाठी आहे. ईएसपी३२वर तर वायफायचा झटका आणि स्कॅनरचा झटका एकत्र आले की 'ब्राउनआउट डिटेक्टर'ची, म्हणजे व्होल्ट पडल्याची, ओळ येते. स्कॅनरला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या, जमीन एक ठेवा, स्कॅनरजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि ती मोबाइलच्या डब्यातली बारीक केबल बदला.

बीपच येत नसेल तर मात्र प्रश्न जोडणीचा नसून प्रकाशाचा. लेझर स्कॅनर मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोड वाचत नाही, त्याला कागद लागतो. लाल प्रकाशाला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात, म्हणून हौसेने लाल शाईत छापलेली लेबलं वाया. रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही कापू नका. आमची लेबलं सुबक दिसावीत म्हणून मी ती कापली होती. शंभरेक लेबलं पुन्हा छापली.

एक दिवस सगळं बंद पडलं

पेटी चार महिने सुरळीत चालली. मग काकूंचा फोन: "बीप येतोय, पण पुढे काहीच नाही." म्हणजे थेट पहिल्याच प्रश्नावर परत. वायरी तपासल्या, वीज तपासली, हेक्स छापायचा कोड चढवला. एकही बाइट नाही. काल काय वेगळं झालं, असं काकूंना विचारलं.

"काही नाही हो. सुट्टीतली मुलं आली होती, त्यांनी टेबलावरची सगळी पुस्तकं एकेक करून दाखवली त्याला. ते बारकं इंग्रजी पुस्तकसुद्धा."

बारकं इंग्रजी पुस्तक म्हणजे स्कॅनरची पुस्तिका. पोरांनी कोणत्या पानावरचा कोड दाखवला कोण जाणे, पण मॉड्यूल सिरियल सोडून यूएसबीच्या तोंडाने बोलायला लागलं होतं. सिरियलचा कोड दाखवला, शेपटीचा कोड दाखवला, आणि मग पुस्तिकेतलाच तिसरा कोड दाखवला, जो सेटिंगचे कोड वाचणंच बंद करतो. त्या दोन पानांची झेरॉक्स पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवली आहे. पुस्तिका आता काकूंच्या कुलपाच्या कपाटात असते.